खजिनदाराची सही

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, गेली सव्वीस वर्षे अमेरिकेत आहे आणि सध्या डॅलसजवळ राहतो. नेमबाजीचा छंद मला इथे आल्यावर लागला आणि २०१३ साली मी, बंदूक बाळगण्याच्या हक्काचा कैवार घेणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनचा आजीव सभासद झालो. संस्थेचे माजी सर्वेसर्वा वेन लापिएर यांच्याविरुद्ध संस्थेच्या पैशांच्या गैरवापराबद्दल न्यूयॉर्कमध्ये चाललेल्या खटल्याचा निकाल मी वाचला आहे, परंतु आमच्या क्लबातील बहुतेकांच्या मते हे सारे राजकीय वैरातून घडले आणि आपल्या घरातील धुणे आपणच चव्हाट्यावर धुऊ नये. माझा महाविद्यालयात शिकणारा मुलगा सभासदत्व सोडण्याचा आग्रह धरतो. याहून अवघड गोष्ट अशी, की मुलांना सुरक्षित नेमबाजी शिकवणाऱ्या आमच्या छोट्या, करसवलत मिळालेल्या क्लबचा मी खजिनदार आहे. वार्षिक मेजवानी आणि फलकांचे काम आम्ही एका कंपनीला देतो आणि तिच्या बिलात ‘कार्यक्रम खर्च’ अशी एकच ओळ असते. गेल्या वर्षी त्या बिलासोबत चुकून एक जोडपत्र आले. त्यात आमच्या अध्यक्षांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या दोन सहलींची विमानतिकिटे आणि हॉटेलचे भाडे होते. मी तेव्हा गप्प राहिलो. अध्यक्ष माझे मित्र आहेत. माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते तीन रात्री माझ्यासोबत रुग्णालयात बसले होते. या वर्षीचे बिल आता सहीसाठी माझ्या टेबलावर आहे. मी काय करावे?

उत्तर :

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला मुदत आहे. या बिलावर आपण सही करू नये. असे का म्हणतो, हे सांगता सांगता बाकीच्या प्रश्नांची उत्तरेही येतील, कारण असोसिएशनच्या व्हर्जिनियातील फेअरफॅक्सच्या मुख्यालयात घडले ते आणि आपल्या क्लबात घडते आहे ते, रकमेचा फरक सोडला, तर एकाच जातीचे आहे.

बंदुकीच्या हक्काबाबत माझे मत आपल्या मताशी जुळणारे नाही, हे मोकळेपणाने सांगणे मला आवश्यक वाटते. परंतु आपण मला हक्काविषयी नव्हे, तर पैशांविषयी विचारले आहे, आणि या प्रकरणात फसवणूक झाली ती बंदुका नको असलेल्यांची नव्हे, तर वर्षाकाठी पंचेचाळीस डॉलर वर्गणी भरून आपला हक्क कोणीतरी राखतो आहे असे मानणाऱ्या लाखो साध्या माणसांची. महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा करतो : भारतात नेमबाजी या खेळाचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे नावही असेच आहे, पण तिचा या अमेरिकी संस्थेशी काही संबंध नाही.

ही संस्था १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. यादवी युद्धात आपल्या सैनिकांचा नेम किती कच्चा आहे हे पाहिलेल्या उत्तरेकडील अधिकाऱ्यांनी, नेमबाजी शिकवण्यासाठी ती उभी केली. तिची नोंदणी न्यूयॉर्क राज्यातली असल्यामुळे, मुख्यालय कुठेही असले तरी तिच्या पैशांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार त्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य विधी अधिकाऱ्याकडे, राहिला. आपल्याकडे सार्वजनिक न्यासांच्या बाबतीत धर्मादाय आयुक्त जे काम करतात, साधारण तसेच हे काम आहे. आपल्या क्लबातील मित्र जेव्हा विचारतात, की न्यूयॉर्कला यात नाक खुपसण्याचे कारण काय, तेव्हा त्याचे उत्तर या दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदणीत आहे.

आता पैसे नेमके कसे गेले ते पाहू, कारण आपल्या टेबलावरच्या बिलाशी त्याचे साम्य पाहून मी स्वतः थबकलो. ओक्लाहोमा सिटीतील अ‍ॅकरमन मॅक्वीन ही जाहिरात संस्था १९८०च्या दशकापासून या संस्थेचे प्रचाराचे काम पाहत होती. लापिएर १९९१ मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष झाले आणि त्यानंतर सुमारे तेहतीस वर्षे संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती राहिली. त्यांचा काही खर्च ते थेट संस्थेकडून घेत नसत. तो आधी जाहिरात संस्था करी आणि मग संस्थेला पाठवलेल्या बिलात त्याची रक्कम किरकोळ खर्चाच्या मोघम शीर्षकाखाली, तपशिलाविना, मिसळून येई. बेव्हर्ली हिल्समधील झेनिया या उंची दुकानातून काही वर्षांत घेतलेल्या सुमारे पावणेतीन लाख डॉलरांच्या सुटांचा खर्च या वाटेने गेला. दूरचित्रवाणीवर दिसण्यासाठी चांगले कपडे आवश्यक होते, असे त्याचे समर्थन पुढे करण्यात आले. मला त्या समर्थनापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कपडे जर संस्थेच्या कामासाठी होते, तर संस्थेच्या वह्यांत ते कपडे म्हणून का लिहिले गेले नाहीत? जो खर्च रास्त आहे त्याला स्वतःचे नाव लावायला कोणी घाबरत नाही. खर्चाला दुसऱ्याच्या बिलात दडावे लागते, तेव्हा तो करणाऱ्यालाच तो रास्त वाटत नसतो. खजिनदाराने आयुष्यभर दुसरी एकही कसोटी वापरली नाही आणि एवढी एक वापरली, तरी पुष्कळ अनर्थ टळतो.

बाकीच्या गोष्टी आपण वाचल्याच असतील, म्हणून थोडक्यात सांगतो. अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी ६ ऑगस्ट २०२० रोजी दाखल केलेल्या दाव्यात असे म्हटले होते, की लापिएर आणि त्यांचे कुटुंबीय सुमारे तीन वर्षांत किमान आठ वेळा खासगी विमानाने बहामा बेटांवर गेले आणि त्यासाठी संस्थेचे पाच लाख डॉलरांहून अधिक पैसे खर्च झाले. तेथे ते ज्या शंभर फुटांहून लांब नौकेवर राहत, ती संस्थेकडून मोठी कंत्राटे मिळवणाऱ्या एका व्यावसायिकाची होती, आणि ही गोष्ट त्यांनी हितसंबंधांच्या वार्षिक विवरणात नोंदवली नव्हती. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हूक शाळेत लहान मुलांची हत्या झाल्यानंतर आपल्या जिवाला धोका होता आणि नौका हे सुरक्षित ठिकाण होते, असे त्यांनी शपथेवर सांगितले. फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत २०१८ साली गोळीबार झाल्यावरही हीच सुरक्षा पुन्हा पुढे आली आणि या वेळी आपल्याच भागात, डॅलसजवळच्या वेस्टलेकमध्ये, सुमारे साठ लाख डॉलरांचा बंगला घेण्याची बोलणी झाली. तो व्यवहार पूर्ण झाला नाही आणि कल्पना मुळात कोणाची यावर लापिएर व जाहिरात संस्था एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. त्यांना धमक्या येत नसतील असे मी मुळीच म्हणणार नाही, आणि नेत्याच्या संरक्षणावर संस्थेने खर्च करणे चूकही नाही. परंतु जिवाच्या भीतीतून केलेला खर्च संचालक मंडळापुढे ठेवता येतो, त्याचा ठराव करता येतो. ज्या घटनांत इतरांची मुले गेली, त्या घटनांचे कारण सांगून बंगल्याची आणि नौकेची वाट शोधली जावी, हे वाचताना मला जे वाईट वाटले ते आकड्यांनी सांगता येणार नाही.

आपल्याकडे अशा वेळी ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण हमखास ऐकू येते, आणि आपल्या पत्रातही, म्हण न वापरता, तोच सूर आहे : अध्यक्ष क्लबासाठी इतके राबतात, मग दोन सहलींनी असे काय बिघडले? या म्हणीने आपल्या समाजाचे फार नुकसान केले आहे असे माझे मत आहे. गावच्या पतपेढीपासून साखर कारखान्यापर्यंत ती इतक्यांदा वापरली गेली, की चाखणे हा राखणाऱ्याचा हक्कच मानला जाऊ लागला. राबणाऱ्याला मोबदला हवा असेल तर तो सर्वांसमक्ष ठरवावा, वहीत लिहावा आणि त्यावर कर भरावा. लापिएर यांना तर वर्षाला दहा लाख डॉलरांहून अधिक वेतन मिळत होते. तेथे ओंजळभर पाण्याचा प्रश्न नव्हता.

आता आपल्या मित्रांच्या मुख्य युक्तिवादाकडे वळतो, आणि त्याला मी पूर्ण न्याय देऊ इच्छितो. जेम्स यांनी २०१८ च्या निवडणुकीच्या काळात या संस्थेला दहशतवादी संघटना म्हटले होते. निवडून आल्यावर त्याच संस्थेवर दावा लावणाऱ्या अधिकाऱ्याचे असे बोल मला अनुचित वाटतात, आणि त्यांनी संस्थेच्या सभासदांच्या मनात संशय निर्माण झाला असेल तर तो समजण्यासारखा आहे. दाव्यात सुरुवातीला संस्थाच बरखास्त करावी अशी मागणी होती. परंतु पुढे काय झाले ते आपल्या मित्रांना अवश्य सांगा. न्यायमूर्ती जोएल कोहेन यांनी मार्च २०२२ मध्ये ती मागणी फेटाळली. आरोप खरे ठरले, तरी हानी झाली आहे ती संस्थेची आणि तिच्या सभासदांची, मग त्यांचीच संस्था मोडून त्यांनाच दुसऱ्यांदा शिक्षा कशासाठी, असा त्या निर्णयाचा रोख होता. म्हणजे वैराचा जो भाग होता तो न्यायालयाने गाळून टाकला आणि पैशांचा प्रश्न तेवढा शिल्लक ठेवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्युरीने निकाल दिला, तो या शिल्लक प्रश्नावर. लापिएर यांच्या वर्तनामुळे संस्थेचे ५४ लाख डॉलरांचे नुकसान झाले असे ज्युरीने ठरवले, आणि त्यांनी आधी परत केलेली रक्कम वजा करून ४३ लाख ५० हजार डॉलर भरण्याचा भार त्यांच्यावर टाकला. माजी कोषाध्यक्ष विल्सन फिलिप्स यांच्यावर २० लाख डॉलरांचा भार पडला. संस्थेचे विधी सल्लागार जॉन फ्रेझर यांनीही आपल्या कर्तव्यात कसूर केल्याचे ज्युरीने म्हटले, मात्र त्यांच्यावर रकमेचा बोजा टाकला नाही. चौथे प्रतिवादी, लापिएर यांचे एके काळचे निकटचे सहायक जोशुआ पॉवेल, यांनी खटला सुरू होण्याच्या तोंडावर चूक मान्य करून एक लाख डॉलर देण्याची तडजोड केली होती.

ही रक्कम कोणाला मिळायची होती, हे आपल्या मित्रांपैकी किती जणांना ठाऊक आहे? ती न्यूयॉर्क राज्याच्या तिजोरीत जाणार नव्हती. ती संस्थेला परत करायची होती. ज्या दाव्याला तुम्ही शत्रूचा हल्ला म्हणता, त्यातून तुमच्याच वर्गणीचे पैसे तुमच्याच संस्थेकडे वळवण्याचा आदेश निघाला. शिवाय शत्रूची साक्ष नको असेल तर संस्थेचीच साक्ष आहे. अमेरिकेतील करमुक्त संस्थांना दरवर्षी जो ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो, त्यात संस्थेच्या मालमत्तेचा मोठा गैरवापर वर्षभरात आढळला का, असा थेट प्रश्न असतो. २०१९ सालच्या आपल्या विवरणात संस्थेने या प्रश्नाला होकार दिला, आणि लापिएर यांनी प्रवासखर्चापोटी सुमारे तीन लाख डॉलर परत केल्याचे नमूद केले. त्या कागदावर कोणा विरोधकाची नव्हे, संस्थेचीच सही आहे.

दिवाळखोरीचा प्रसंग तर आपल्याच शहरातला. जानेवारी २०२१ मध्ये संस्थेने डॅलसच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच वेळी आपली आर्थिक स्थिती उत्तम असल्याचेही जाहीर केले. उद्देश न्यूयॉर्कच्या कचाट्यातून सुटून टेक्ससमध्ये नव्याने नोंदणी करण्याचा होता. सुनावणीत असे उघड झाले, की हा अर्ज करण्यापूर्वी लापिएर यांनी बहुसंख्य संचालकांना, इतकेच नव्हे तर संस्थेच्या विधी सल्लागाराला आणि वित्तप्रमुखालाही विश्वासात घेतले नव्हते. न्यायाधीश हार्लिन हेल यांनी ११ मे २०२१ रोजी तो अर्ज सद्‌भावनेने केलेला नाही असे ठरवून फेटाळला. हे न्यायाधीश न्यूयॉर्कचे नव्हते, टेक्ससचे होते. वैराचा सिद्धांत येथे मला तरी टिकताना दिसत नाही.

परंतु या साऱ्या कथेत मला सर्वांत जवळची वाटतात ती माणसे निराळीच आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे वर्तमानपत्रांत एक ओळही येण्याच्या आधी, संस्थेच्या हिशेब विभागातील कर्मचाऱ्यांनी आपल्या शंकांची एक लेखी यादी तयार केली आणि ती लेखापरीक्षण समितीपुढे मांडली. ती बाहेरची माणसे नव्हती. बिले चढवणारी, पावत्या लावणारी, आपल्यासारखी माणसे होती. त्यांच्या यादीचे पुढे जे व्हायला हवे होते ते झाले नाही, आणि ज्युरीने २०२४ मध्ये स्पष्टपणे म्हटले, की गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्यांना कायद्याने जे संरक्षण मिळायला हवे होते ते देण्यात संस्था कमी पडली. त्या यादीकडे त्याच वर्षी नीट पाहिले गेले असते, तर पुढची पाच वर्षे वकिलांवर खर्च झालेले कोट्यवधी डॉलर आणि त्या काळात सोडून गेलेले लाखो सभासद, यांतला किती भाग वाचला असता, याचा विचार आपण खजिनदार म्हणून अवश्य करावा.

२०१९ मध्ये संस्थेचे अध्यक्ष ऑलिव्हर नॉर्थ यांनीही खर्चाच्या चौकशीची मागणी केली, आणि इंडियानापोलिसच्या वार्षिक अधिवेशनात त्यांचे पत्र व्यासपीठावरून वाचले गेले, तेव्हा ते स्वतः सभागृहात नव्हते. त्यांना पुन्हा संधी मिळणार नाही हे तोवर ठरले होते. त्यांची मागणी रास्त होती, पण त्यांचा स्वतःचा त्याच जाहिरात संस्थेशी सशुल्क करार होता, आणि लापिएर यांनी याच गोष्टीकडे बोट दाखवून आपल्यावर दबाव आणल्याचा प्रत्यारोप केला. हे मी मुद्दाम सांगतो. आपण आपल्या क्लबच्या अध्यक्षांना प्रश्न विचारण्यापूर्वी, त्या कंपनीकडून आपण स्वतः काही घेतले आहे का, मेजवानीची फुकट तिकिटे, दिवाळीची भेट, मुलासाठी सुट्टीतील काम, हे आठवून पाहा, आणि असल्यास ते स्वतः आधी सांगा.

आता सभासदत्वाविषयी. आपल्या मुलाच्या भूमिकेविषयी मला आदर आहे, आणि तो ज्या पिढीतला आहे तिने शाळेत गोळीबारापासून लपण्याच्या कवायती केल्या आहेत हे आपण विसरू नये. बंदुकीच्या प्रश्नावर आपले मतच बदलले असेल तर आपण खुशाल बाहेर पडावे. परंतु मत तेच असेल आणि केवळ नेत्यांच्या वर्तनाची लाज वाटून आपण जाणार असाल, तर थांबण्याचा विचार करा, कारण आजीव सभासदाला मताचा अधिकार आहे. संचालकांपैकी बहुतेकांची निवड टपालाने येणाऱ्या मतपत्रिकांनी होते आणि दरवर्षी त्यांतील सुमारे एक तृतीयांश जागांसाठी मतदान होते. वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांना सलग पाच वर्षांनंतर मिळणारा हा अधिकार आपल्याला २०१३ पासून आहे. आपण पत्रात प्रामाणिकपणे लिहिले नसले, तरी मी विचारतो : इतक्या वर्षांत आपण किती मतपत्रिका भरल्या?

आपल्या दोघांच्याही गावाकडची सर्वसाधारण सभा आठवा. अहवाल वाचायच्या आधीच मागच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, ताळेबंदाचे पान कोणी उलटत नाही, आणि मग काही वर्षांनी संस्था बुडाली की तेच लोक बँकेच्या बंद शटरसमोर उभे असतात. त्या सभांत मीही तरुणपणी मागच्या रांगेत बसलो आहे. चोरी करणारे दोन-तीनच असतात, पण त्यांना वेळ मिळवून देणारे आपण शेकडो असतो, आणि अमेरिकेतील या संस्थेत हे आपल्यापेक्षा फार वेगळे घडले असे मला वाटत नाही.

तरीही या संस्थेच्या सभासदांकडे जागे होण्याची परंपरा आहे. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात सभासदांनीच रात्रभर सभा चालवून जुने नेतृत्व पदावरून दूर केले. त्यातून संस्था ज्या कडव्या दिशेला गेली ती मला पसंत नाही, पण सभागृहातील माणसांनी ठरवले तर काय होऊ शकते, हे त्या रात्रीने दाखवले. १९९७ मध्ये संस्थेचेच एक पदाधिकारी नील नॉक्स यांनी लापिएर यांच्या कारभाराला आव्हान दिले, तेव्हा अभिनेते चार्लटन हेस्टन यांना पुढे करून ते आव्हान संचालक मंडळात अगदी थोड्या मतांनी परतवण्यात आले. सत्तावीस वर्षांनी, २०२४ मध्ये, सुधारणांची मागणी करणारे जे चार उमेदवार सभासदांच्या मतांनी संचालक झाले, त्यांत नील नॉक्स यांचे पुत्र जेफ होते, आणि कॅन्ससमधील न्यायाधीश फिलिप जर्नी होते, ज्यांनी दिवाळखोरीच्या खटल्यात संचालक असूनही आपल्याच नेतृत्वाविरुद्ध उभे राहण्याचे धाडस केले होते. त्याच मे महिन्यात डॅलसच्या अधिवेशनानंतर डग हॅमलिन यांची नवे कार्यकारी उपाध्यक्ष म्हणून निवड झाली. जुलैच्या अखेरीस न्यायमूर्ती कोहेन यांनी लापिएर यांना दहा वर्षे संस्थेत कोणतेही सवेतन पद घेण्यास मनाई केली, मात्र संस्थेवर बाहेरचा देखरेख अधिकारी नेमण्याची मागणी त्यांनी मान्य केली नाही. याचा अर्थ, आता देखरेख ठेवायची ती सभासदांनीच. अशा वेळी मतदार सोडून गेला, तर जुन्या सवयींना पुन्हा जागा मिळते.

आता आपल्या क्लबाकडे. त्या कंपनीला आजच एक साधे पत्र लिहा : बिलातील ‘कार्यक्रम खर्च’ या ओळीचा पावत्यांसह तपशील मिळाल्याशिवाय रक्कम अदा करता येणार नाही. आरोप करू नका, अध्यक्षांचे नावही घेऊ नका. तपशील मागणे हे खजिनदाराचे रोजचे काम आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. गेल्या वर्षीच्या जोडपत्राची प्रत सुरक्षित ठेवा, तिच्यावर काही लिहू नका, आणि ती कोणालाही ईमेलने पाठवू नका.

एक गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नसेल. आपला क्लब धर्मादाय म्हणून करमुक्त असेल, तर पदाधिकाऱ्याला संस्थेच्या पैशांतून मिळालेल्या गैरवाजवी लाभावर अमेरिकी करकायद्यात पंचवीस टक्के दंडकर आहे, तो वेळेत दुरुस्त केला नाही तर दोनशे टक्के, आणि असा व्यवहार अयोग्य आहे हे ठाऊक असून मंजूर करणाऱ्या पदाधिकाऱ्यावर स्वतंत्र दहा टक्के कर बसू शकतो. गेल्या वर्षी आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणता येईल की नाही, हा प्रश्न आता वकिलाचा आहे, आणि करमुक्त संस्थांचे काम पाहणाऱ्या वकिलाची तासाभराची फी आपण स्वतःच्या खिशातून द्यावी. क्लबाच्या खात्यातून नको, आणि अध्यक्षांच्या ओळखीच्या वकिलाकडे तर मुळीच नको. या वर्षी मात्र आपल्याला ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, की ही सही गेल्या वर्षीच्या सहीसारखी नाही.

मित्राविषयी आपण जे लिहिले, ते मी दोनदा वाचले. रुग्णालयातील तीन रात्री हे फार मोठे ऋण आहे आणि ते फेडू नका असे मी कधीच सांगणार नाही. परंतु ते ऋण आपले आहे आणि आपल्याच खिशातून फेडले पाहिजे. त्या क्लबात नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पैशांतून ते फेडण्याचा अधिकार आपल्याला नाही. समितीपुढे जाण्यापूर्वी त्यांना घरी बोलवा, समोर बसवा आणि स्पष्ट सांगा : मला जोडपत्र मिळाले आहे, मी या बिलावर सही करणार नाही, आणि गेल्या वर्षीची रक्कम तुम्ही स्वतःहून परत केलीत तर समितीपुढे जाताना मी तुमच्या शेजारी उभा राहीन. त्यांच्याकडे काही समाधानकारक खुलासा असू शकतो, तो शांतपणे ऐका, पण तो लेखी मागा. लापिएर यांना त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत असे घरी बोलावून सांगणारा एखादा मित्र वेळेवर भेटला असता तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. आपल्या मित्राला मात्र तो भेटू शकतो, आणि तो आपणच आहात.

ते रागावतील, कदाचित बोलणे बंद करतील. फितुर हा शब्दही ऐकावा लागेल. तरीही समितीच्या पुढच्या बैठकीत जा आणि इतिवृत्तात पुढील वाक्य आपल्या नावाने जसेच्या तसे लिहून घ्या : “‘कार्यक्रम खर्च’ या शीर्षकाखालील रकमेचा तपशील न मिळाल्यामुळे खजिनदाराने या बिलाची रक्कम रोखली आहे, आणि गेल्या दोन वर्षांतील अशा सर्व बिलांची तपासणी समितीबाहेरील हिशेब तपासनीसाकडून करून घ्यावी अशी त्यांची मागणी आहे.” इतिवृत्त कायम झाल्यावर त्याची एक प्रत घरी आणा. आणि संस्थेची मतपत्रिका आली की मुलाला शेजारी बसवून दोघांनी मिळून उमेदवारांची माहिती वाचा. मत कोणाला द्यायचे याबाबत त्याचे आणि आपले एकमत होणार नाही, पण ताळेबंद कोण मागतो आहे हे तो आपल्यापेक्षा लवकर ओळखेल.